किडनी दोन तऱ्हेचं रेनिन सोडते, ते कसं?

निरोगी माणसाच्या रक्तातलं सगळं रेनिन मोजलं, तर त्यातला साधारण नव्वद टक्के माल निष्क्रिय निघतो. तो जुना झालेला किंवा वापरून संपलेला नसतो. त्यातला बराचसा किडनीनेच तसा, बंद अवस्थेत, रक्तात सोडलेला असतो. उरलेलं दहा टक्के रेनिन सक्रिय असतं आणि आपला रक्तदाब, शरीरातलं मीठ आणि पाणी यांचा बराचसा कारभार तेवढ्यावर चालतो. जनुक एकच, पेशीही त्याच, आणि बाहेर पडणारा माल मात्र दोन तऱ्हांचा. सक्रिय त्याला नुसतं रेनिन म्हणतात, निष्क्रिय त्याला प्रोरेनिन.

बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांच्या कानावर रेनिन हे नाव आलेलं नसतं, पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही नावं घरोघरी पोचली आहेत. रेनिनने सुरू केलेल्या साखळीत ही औषधं कुठे ना कुठे आडवी येतात. तेव्हा आधी ती साखळी बघू आणि मग या दोन तऱ्हांची भानगड.

यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं एक मोठं प्रथिन सतत रक्तात सोडत असतं. ते स्वतः विशेष काही करत नाही. रेनिन हे एंझाइम त्याच्या एका टोकाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा कापून काढतं. हा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-१; तोही जवळपास निरुपद्रवीच. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर, आणि फुप्फुसात तर भरपूर, एसीई नावाचं दुसरं एंझाइम बसलेलं असतं. ते या तुकड्यातली आणखी दोन अमिनो आम्लं छाटतं आणि आठ अमिनो आम्लांचं अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. हे मात्र जहाल. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉनमुळे किडनी मीठ धरून ठेवते, मिठामागोमाग पाणी राहतं आणि रक्तदाब चढतो. रॅमिप्रिलसारखी औषधं एसीईला अडवतात, टेल्मिसार्टनसारखी औषधं अँजिओटेन्सिन-२ पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं तो रिसेप्टर अडवतात.

या साखळीत एसीई मुबलक असतं, अँजिओटेन्सिनोजेनचीही ददात नसते. टंचाई असते ती सक्रिय रेनिनची, म्हणून सगळ्या साखळीचा वेग रेनिन ठरवतं. शिवाय ते फार एककल्ली आहे. त्याच्याच कुळातलं पोटातलं पेप्सिन समोर येईल ते प्रथिन तोडत सुटतं. रेनिनला मात्र अँजिओटेन्सिनोजेनखेरीज दुसरं गिऱ्हाईक नाही आणि त्यातलाही एकच ठरलेला बंध ते तोडतं.

किडनीत असं काहीतरी आहे हे पहिल्यांदा दाखवलं ते स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत, रॉबर्ट टिगेरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी पेर बर्गमन यांनी. त्यांचा लेख १८९८ साली छापून आला. सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला की त्याचा रक्तदाब चढायचा. किडनीच्या बाहेरच्या थराचा अर्क लागू पडायचा, आतल्या गाभ्याचा पडायचा नाही, आणि अर्क उकळला की त्याचा गुण जायचा. इतकी नेमकी निरीक्षणं हातात असूनही पुढची तीन-साडेतीन दशकं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून ती अरुंद केली, कुत्र्यांचं बीपी चढलं आणि चढलेलंच राहिलं, तेव्हा रेनिन पुन्हा चर्चेत आलं.

बाहेरच्या थराचाच अर्क का चालला, याचं उत्तर तिथल्या रचनेत आहे. रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे पुंजके, म्हणजे ग्लोमेरुलस, याच थरात असतात. एका किडनीत साधारण दहा लाख. प्रत्येक पुंजक्यात रक्त आणणारी एक बारीक धमनी असते. ती पुंजक्यात शिरते त्या तोंडाशी तिच्या भिंतीतल्या काही स्नायुपेशींनी आपला मूळचा धंदा सोडलेला असतो. आकुंचन पावायचं काम बाजूला ठेवून त्या रेनिन बनवतात आणि दाण्यांसारख्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवतात. या जक्स्टाग्लोमेरुलर पेशी. सगळे त्यांना जेजी पेशीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांच्या अगदी शेजारी, त्याच पुंजक्यापासून निघालेली मूत्रनलिका लांबवर फिरून परत येते आणि धमनीला चिकटून जाते. तिच्या भिंतीचा तिथला पट्टा म्हणजे मॅक्युला डेन्सा. आतून वाहणाऱ्या द्रवात मीठ किती आहे, याची खबर तो जेजी पेशींना देत असतो.

अडकित्ता आणि चिंधी

रेनिनच्या रेणूचे दोन भाग असतात आणि त्यांच्या मधे एक खोल खाच. अँजिओटेन्सिनोजेनचं टोक त्या खाचेत शिरलं की तिथली दोन अॅस्पार्टिक आम्लं मिळून बंध तोडतात. पानदानातला अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. प्रोरेनिनमध्ये याच अडकित्त्याच्या पात्यांत एक चिंधी दुमडून बसवलेली असते. पाती तीच, धारही तीच, पण सुपारी आत जायला जागा नाही. ही चिंधी म्हणजे रेणूच्या सुरुवातीला असलेली ४३ अमिनो आम्लांची पट्टी.

अडकित्ता चालू करायचे मार्ग दोन. पहिला म्हणजे चिंधी कापून काढून टाकायची. मग ती परत बसत नाही, रेनिन कायमचं मोकळं होतं. दुसरा म्हणजे चिंधी न कापता नुसती सरकवायची. सरकली असेल तोवर प्रोरेनिनही काम करतं, आणि परिस्थिती पूर्ववत झाली की चिंधी पुन्हा जागेवर जाऊन बसते. शरीराच्या तापमानाला, रक्तात असते तेवढ्या आम्लतेला, असे आपोआप उघडलेले प्रोरेनिनचे रेणू शंभरात दोनेक असतात. बाकीचे बंदच. हे दोन मार्ग नीट लक्षात ठेवा, कारण पुढे लॅबमध्ये सगळा घोळ यांच्यावरूनच होतो.

आता जेजी पेशीच्या आत जाऊ. रेनिनचं जनुक आपल्या पहिल्या गुणसूत्रावर आहे. त्यावरून आधी ४०६ अमिनो आम्लांची साखळी बनते. तिच्या टोकाचे २३ दुवे फक्त तिला पेशीच्या निर्यात विभागात पोचवण्यापुरते असतात. ते लगेच छाटले जातात. उरली ३८३ ची साखळी. हेच प्रोरेनिन, चिंधीसकट घडी घातलेलं. इथून पुढे रस्ता फुटतो.

काही रेणूंवर मॅनोज-६-फॉस्फेट या साखरेची खूण लागते. ही खूण असलेला माल पेशी आपल्या आम्लयुक्त पिशव्यांकडे पाठवते. इतर पेशींत अशा पिशव्या टाकाऊ मालाची विल्हेवाट लावतात. जेजी पेशींनी त्याच जातीच्या पिशव्यांचं गोदाम केलं आहे. तिथे ४३ ची पट्टी कापली जाते आणि ३४० अमिनो आम्लांचं सक्रिय रेनिन उरतं. ते तिथेच साठून राहतं. ही पट्टी नेमकं कोणतं एंझाइम कापतं यावरून बराच खल झाला आहे. कॅथेप्सिन बी वर अनेक वर्षं बोट दाखवलं गेलं, पण ज्या उंदरांमधून त्याचं जनुक काढून टाकलं त्यांच्याही किडनीत रेनिन व्यवस्थित तयार झालं, तेव्हा एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

बाकीचे रेणू त्या वाटेला जात नाहीत. ते साध्या छोट्या पुटिकांत बसून सरळ पेशीच्या पडद्यापर्यंत जातात आणि बाहेर पडतात. साठा नाही, थांबणं नाही, हुकमाची वाट पाहणं नाही. जितकं प्रोरेनिन बनेल तितकं बाहेर. त्याच्या बाहेर पडण्याला वेगळं बटणच नाही. बटण आहे ते जनुकापाशी.

सक्रिय रेनिनचं उलट आहे. ते तयार असतं, भरलेलं असतं, आणि इशारा येईपर्यंत आतच राहतं. या एका फरकातून पुढच्या बहुतेक गोष्टी उलगडतात.

इशारा कोण देतं

सकाळी तुम्ही अंथरुणातून उठून उभे राहता. काही क्षणांत अर्धा लिटरच्या वर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मान आणि छातीतल्या दाबमापक चेता हे टिपतात आणि सिम्पथेटिक चेतासंस्था जागी होते. तिचे तंतू थेट जेजी पेशींपर्यंत जातात. तिथल्या बीटा-१ रिसेप्टरवर नॉरअॅड्रिनलिन बसतं आणि पिशव्या रिकाम्या व्हायला लागतात. हा एक इशारा. दुसरा त्या धमनीच्या भिंतीतलाच: आतला दाब उतरला की भिंतीवरचा ताण उतरतो आणि ताण उतरलेली जेजी पेशी रेनिन सोडते. तिसरा मॅक्युला डेन्साचा. नलिकेत मीठ कमी पोचलं की तिथून प्रोस्टाग्लँडिन या रसायनाचा निरोप जातो. उन्हाळ्यात घाम गाळून आलेल्या, जुलाबांनी हैराण झालेल्या किंवा रक्त गमावलेल्या माणसात हे तिन्ही इशारे एकदम चालू असतात.

फ्रुसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध घेतलेल्या माणसाचं रेनिन का चढतं, हेही इथे कळतं. मॅक्युला डेन्सा ज्या पंपाने मीठ आत ओढून मोजतो, तोच पंप हे औषध बंद करतं. नलिकेत मीठ भरपूर वाहत असतं, पण मोजणाऱ्याला ते दिसत नाही, आणि तो टंचाईची बोंब ठोकतो.

पेशीच्या आत हे सगळे इशारे एका जागी येतात. सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू वाढला की रेनिन सुटतं, कॅल्शियम वाढलं की सुटणं थांबतं. या दुसऱ्या भागापाशी शरीरशास्त्राचे विद्यार्थी हमखास अडखळतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. स्वादुपिंडातली इन्सुलिनची पेशी घ्या, चेतापेशी घ्या, स्राव सोडणाऱ्या बहुतेक पेशींत कॅल्शियम वाढलं की माल बाहेर पडतो. जेजी पेशीत नेमकं उलटं. स्नायुपेशीचा वारसा यामागे असावा असं मला वाटतं: दाब वाढला, भिंत ताणली गेली, कॅल्शियम आत आलं, तर स्नायूने आवळावं आणि रेनिन मात्र थांबावं, हे दाब सांभाळण्याच्या दृष्टीने सोयीचंच आहे. अँजिओटेन्सिन-२ सुद्धा याच वाटेने येऊन जेजी पेशींना ‘बास’ म्हणतं.

आता यात प्रोरेनिन कुठे बसतं? उभं राहणं, व्यायाम, फ्रुसेमाइडचं इंजेक्शन अशा तात्पुरत्या प्रसंगी सक्रिय रेनिन काही मिनिटांत वाढतं आणि प्रोरेनिन जवळपास होतं तिथेच राहतं. साहजिक आहे, कारण गोदामात प्रोरेनिन नसतंच. पण टंचाई दिवसेंदिवस चालली, जसं मीठ अगदी कमी खाणाऱ्यात, किडनीची धमनी अरुंद झालेल्या रुग्णात किंवा एसीई अडवणारी गोळी रोज घेणाऱ्यात, तर जनुकच जोराने चालायला लागतं आणि दोन्ही वाढतात. अशा वेळी आणखी एक गोष्ट घडते. ग्लोमेरुलसपासून मागे, धमनीच्या वरच्या भागातल्या ज्या साध्या स्नायुपेशी आहेत, त्याही धंदा बदलून रेनिन बनवायला लागतात. गर्भावस्थेत त्या भागात रेनिन बनत असतंच. मोठेपणी तो गुण झाकलेला राहतो आणि गरज पडली की वर येतो. टंचाई मिटली की या पेशी परत स्नायुपेशी होतात.

थोडक्यात, सक्रिय रेनिनचा आकडा गेल्या काही मिनिटांचा आणि तासांचा हाल सांगतो. प्रोरेनिनचा आकडा सांगतो की कारखाना गेले काही दिवस कोणत्या वेगाने चालला आहे.

गर्भजलात सापडलेलं रेनिन

निष्क्रिय रेनिन अस्तित्वात आहे हे कळलं ते किडनीतून नव्हे, गर्भजलातून. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक युजिनी लंबर्स यांनी दाखवलं की गर्भजल आम्लात, साधारण ३.३ पीएचला, ठेवून नंतर मोजलं तर त्यातली रेनिनची क्रिया एकदम वाढते. पुढे ट्रिप्सिनसारख्या कापणाऱ्या एंझाइमनेही तेच होतं असं दिसलं. मग १९७४ मध्ये किडनीच्या विल्म्स ट्यूमरमध्ये आणि ती गाठ असलेल्या रुग्णाच्या रक्तात नेहमीपेक्षा मोठ्या आकाराचं, कमी काम करणारं रेनिन मिळालं. नुसत्या थंडीनेही असा फरक पडतो हेही त्याच दशकात लक्षात आलं. आज आपल्याला माहीत आहे की आम्लात आणि थंडीत चिंधी सरकते, ट्रिप्सिन ती कापतं. तेव्हाच्या लोकांसमोर मात्र एवढंच होतं की तेच रक्त, तीच पद्धत, आणि आज एक आकडा, फ्रीजमध्ये ठेवून परवा मोजलं तर दुसरा.

हा इतिहास मुद्दाम सांगितला, कारण हाच घोळ आजही एखाद्या गावातल्या कलेक्शन सेंटरवर रोज होऊ शकतो. वय कमी आणि बीपी तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही, किंवा बीपीसोबत पोटॅशियम उतरलेलं आहे, अशा रुग्णाला डॉक्टर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर काढायला सांगतात. अॅड्रिनल ग्रंथी आपल्या मर्जीने अल्डोस्टेरॉन ओतत असेल तर मीठ साचतं, दाब चढतो आणि किडनी रेनिन जवळपास बंद करते. म्हणून अल्डोस्टेरॉन वर, रेनिन तळाला, गुणोत्तर मोठं. हा आजार ओळखला तर त्यावर नेमका इलाज आहे, कधीकधी शस्त्रक्रियेने तो पुरता सुटतो. पण या हिशेबात रेनिन खाली छेदात आहे. खरा आकडा अगदी लहान असताना त्यात थोडी जरी खोटी भर पडली तर गुणोत्तर कोसळतं आणि आजार हातून निसटतो.

ही खोटी भर घालते थंडी. लॅबमधली सवय अशी की नाजूक हॉर्मोनचं सॅम्पल म्हटलं की ट्यूब बर्फात. रेनिनच्या बाबतीत जुन्या काळी हे शिकवलंही जायचं, आणि त्यामागचा विचार चुकीचा नव्हता: ट्यूबमध्ये रेनिन अँजिओटेन्सिनोजेन कापतच राहील, ते थांबवायला थंडी. पण शून्य ते चार अंशांत ठेवलेल्या प्लाझ्मात प्रोरेनिनची चिंधी सैल होते, आणि सैल झालेली चिंधी प्लाझ्मातलीच कॅलिक्रेनसारखी एंझाइमं कापून टाकतात. आता ते कायमचं सक्रिय रेनिन झालं. दहाला एक असं प्रमाण असल्यामुळे प्रोरेनिनच्या साठ्यातला अगदी थोडा हिस्सा असा उघडला तरी रिपोर्टवरचं रेनिन दुप्पट दिसू शकतं.

म्हणून पद्धत अशी आहे. रुग्णाने सकाळी उठून निदान दोन तास हिंडलं-फिरलं पाहिजे, मग पाच ते पंधरा मिनिटं खुर्चीत बसवून रक्त घ्यायचं. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची ट्यूब. बर्फ नाही, आइस पॅक नाही, फ्रीज नाही. लॅबपर्यंत खोलीच्या तापमानाला. तिथे सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढायचा आणि झटकन गोठवायचा. गोठलेल्या प्लाझ्मात हे रूपांतर थांबतं. घातक टप्पा आहे तो मधला, थंड पण द्रव. म्हणूनच गोठवलेलं सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवून सावकाश वितळवणंही चुकीचं. तालुक्याच्या ठिकाणी घेतलेलं रक्त इतर सॅम्पल्सबरोबर बर्फाच्या डब्यात बसून पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला जात असेल, तर रेनिनपुरता तो प्रवास फुकट गेला असं समजावं. गरोदर बाईत प्रोरेनिन फार वाढलेलं असतं, तेव्हा तिच्या सॅम्पलमध्ये थंडीचा दोष आणखी ठळक होतो.

औषधांचाही परिणाम होतो. बीटा-ब्लॉकर इशाराच अडवतात, रेनिन खाली जातं, गुणोत्तर उगाच फुगतं. टेल्मिसार्टनच्या जातीची सार्टन, एसीई अडवणारी औषधं, लघवी वाढवणारी औषधं आणि स्पायरोनोलॅक्टोन उलट रेनिन चढवतात. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, किंवा थांबवायचीच नाही, हे डॉक्टरच ठरवतील. परस्पर गोळी बंद करून रक्त द्यायला जाणं धोक्याचं आहे.

किडनी नसली तर

दोन्ही किडन्या काढाव्या लागलेल्या माणसाच्या रक्तात सक्रिय रेनिन जवळजवळ शून्यावर येतं. प्रोरेनिन मात्र कमी झालं तरी उरतं. याचा सरळ अर्थ असा की प्रोरेनिन बनवणारे अवयव दुसरेही आहेत, पण त्यातली पट्टी कापून रक्ताला सक्रिय रेनिन पुरवण्याची सोय फक्त जेजी पेशींकडे आहे. अंडाशय, वृषण, अॅड्रिनल, गर्भाशयाचं अस्तर, डोळा या सगळ्या ठिकाणी प्रोरेनिन बनताना सापडलं आहे. अंड सुटण्याच्या सुमाराला स्त्रियांच्या रक्तात ते वाढतं, आणि गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत तर कित्येक पटींनी. हे प्रोरेनिन अंडाशयाकडून येतं, किडनीकडून नाही.

डायबेटिसमध्येही प्रोरेनिन चढतं, आणि इथली गोष्ट मला सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते. डोळ्यांच्या पडद्याला किंवा किडनीला इजा झालेल्या डायबेटिसच्या रुग्णांत प्रोरेनिन वाढलेलं असतं हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच रुग्णांत सक्रिय रेनिन नेहमीसारखं किंवा कमीच असतं. काही रुग्णांत तर लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जायला लागण्याआधीच प्रोरेनिन वाढलेलं आढळलं आहे. कारखाना जोरात चाललाय आणि गोदामातून माल सुटत नाहीये, असं हे चित्र. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक वेगळा धागा मिळाला: डायबेटिस झालेल्या उंदरांच्या किडनीत जेजी पेशींखेरीज लघवी गोळा करणाऱ्या नलिकांच्या पेशीही प्रोरेनिन बनवतात, आणि तिथलं उत्पादन वाढतं. अँजिओटेन्सिन-२ जेजी पेशींना थांबवतं, या नलिकापेशींना मात्र उलट चेव आणतं.

मग प्रोरेनिन स्वतः काही करतं का, की नुसता कच्चा माल? २००२ मध्ये पॅरिसमध्ये जेनेव्हिएव्ह न्युएन यांच्या गटाने रेनिन आणि प्रोरेनिन दोन्ही ज्यावर बसतात असा एक रिसेप्टर शोधला. प्रोरेनिन त्यावर बसलं की पट्टी न कापताही उघडतं, म्हणजे चिंधी सरकण्याचा तो दुसरा मार्ग शरीरातही शक्य आहे, असं दिसलं. काही वर्षं या रिसेप्टरभोवती मोठा उत्साह होता. मग अडचणी पुढे आल्या. प्रयोगात प्रोरेनिनची जी मात्रा वापरावी लागते ती रक्तातल्या मात्रेपेक्षा खूपच जास्त आहे. आणि हा रिसेप्टर मुळात पेशीतल्या आम्ल बनवणाऱ्या पंपाचा एक सुटा भाग असून तो जवळपास प्रत्येक पेशीला लागतो. तो काढून टाकला की पेशी रेनिनचा काही संबंध नसतानाही मरतात. माझं मत विचाराल तर रक्तात फिरणाऱ्या प्रोरेनिनला थेट गुन्हेगार ठरवण्याइतका पुरावा नाही. ज्या अवयवात ते बनतं तिथल्या तिथे, दाट मात्रेत, त्याचं काही काम असेल ही शक्यता मात्र खोडून काढता आलेली नाही.

औषधाच्या बाजूने या दोन तऱ्हांची गाठ पडते ती अॅलिस्किरेनपाशी. २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध थेट रेनिनच्या खाचेत जाऊन बसतं. एसीई आणि रिसेप्टर अडवून झाले, आता मुळावरच घाव, अशी अपेक्षा होती. डायबेटिस आणि किडनीचा त्रास असलेल्या रुग्णांना ते इतर गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहणारी मोठी चाचणी डिसेंबर २०११ मध्ये फायदा दिसत नाही आणि अपाय वाढतोय म्हणून थांबवली गेली, आणि त्याचं वजन उतरलं. पण लॅबवाल्यांना त्याने एक छान कोडं घातलं. अॅलिस्किरेन घेणाऱ्याच्या रक्तात रेनिनची क्रिया मोजली, म्हणजे प्लाझ्मा ३७ अंशांना ठेवून त्यात अँजिओटेन्सिन-१ किती बनतं ते पाहिलं, तर आकडा तळाला गेलेला असतो. त्याच ट्यूबमधल्या रेनिनचे रेणू अँटिबॉडीने मोजले तर आकडा कित्येक पट वर. अँजिओटेन्सिन-२ कमी झाल्यामुळे जेजी पेशी जास्त रेनिन सोडतात, हे याचं एक कारण. दुसरं असं की प्रोरेनिनचे जे थोडे रेणू क्षणभर उघडतात त्यांच्या खाचेत अॅलिस्किरेन जाऊन बसतं, चिंधीला परत यायला जागा राहत नाही, आणि उघडी पाती पाहून अँटिबॉडी या प्रोरेनिनलाही रेनिन म्हणून मोजते. काम मात्र त्यातलं एकही करत नसतं, कारण आता त्या खाचेत औषध बसलेलं असतं.